शनिवारची गच्ची : प्यायला काय?

सेक्रेटरी: शनिवारी संध्याकाळी गच्चीवर जमायचं पक्कं. जेवणाचं ठरलंय. प्यायला काय ठेवायचं बोला. या दमट हवेत बिअर जड होते म्हणतात बरेच जण.

ए-१०२ काका: बरेच जण म्हणजे तुम्हीच ना? 😄

बी-३०१ ताई: स्प्रिट्झ करूया, म्हणजे वाइनमध्ये सोडा घालून गार पेय. इटलीतल्या नारिंगी ॲपेरॉल स्प्रिट्झमध्ये ३ भाग प्रोसेको (बुडबुड्यांची पांढरी वाइन), २ भाग ॲपेरॉल (कडसर-गोड नारिंगी मद्य), १ भाग सोडा असतो. पण इथे रत्नागिरीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेली असताना ॲपेरॉल कशाला शोधायचं? नाशिकची पांढरी वाइन आणि कोकम.

सी-२०३ दादा: माझ्याकडे घरचं आगळ, कोकमाचा घट्ट रस, आहे बाटलीभर. आणतो.

बी-३०१ ताई: दादा, आगळ नको हो, त्यात मीठ असतं. साखरेच्या पाकातलं अमृत कोकम हवं, तेही जपून, नाहीतर सरबतच होईल.
एका ग्लासाचं सांगते. मोठा ग्लास बर्फाने गच्च भरायचा. दोन खड्यांवर भागवायचं नाही, थोडा बर्फ लवकर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. त्यावर १०० मिली सोविन्यों ब्लां ही पांढरी वाइन, २० मिली अमृत कोकम आणि शेवटी १०० मिली गार सोडा, ग्लासाच्या कडेने हळू. चमचा तळापासून एकदाच वर आणायचा, ढवळत बसलात की बुडबुडे गेले. लिंबाची साल वरून पिळून आत टाकायची, तिच्या तेलाचा वास नाकाशी आला पाहिजे. रंग असा येतो की बघूनच गार वाटतं.
कडसरपणा हवा असेल तर सोड्याऐवजी टॉनिक वॉटर. त्यात साखर असते, मग कोकम निम्मं.

ए-१०२ काका: शेनिन ब्लां ही दुसरी पांढरी वाइन चालेल का? ती आहे घरात.

बी-३०१ ताई: गोडसर असेल तर कोकम कमी, लिंबू जास्त.

ए-१०२ काका: आणि भेट आलेली लाल वाइन? कपाटात पडून आहे.

बी-३०१ ताई: मस्त की! स्पेनमध्ये उन्हाळ्यात लाल वाइनमध्ये लिंबाचा गोड सोडा निम्मा-निम्मा घालून पितात. फक्त आधी फ्रीजमध्ये ठेवा.

सी-४०४ काकू: पोरंसोरं असतात गच्चीवर. हे बरं दिसतं का?

सेक्रेटरी: काकू, वाइनचं टेबल टाकीच्या बाजूला, वेगळं. २१ च्या खालच्या कुणाला मिळणार नाही, कायदाच आहे तसा.

बी-३०१ ताई: दादांचं आगळ इथे कामाला येईल! आगळ, साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सोडा. काकू, तुमच्या हातचं करा, मुलांना तेच देऊ. मीठ वरून घालू नका.

ए-२०१ (मालवणवाले): माका सोलकढीच बरी.

बी-१०४ डॉक्टर: साडेबारा टक्क्यांची वाइन अशी पातळ केली की पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे कडक बिअरपेक्षा थोडी कमीच. पण सरबतासारखी घटाघट जाते, तिथेच घात होतो. मधे पाणी प्या. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी मला विचारा. आणि पिऊन कुणी भाट्याच्या समुद्रात उतरायचं नाही, गाडीही काढायची नाही.

सेक्रेटरी: बाटल्या किती?

बी-३०१ ताई: ७५० मिलीत सात ग्लास. दहा जण, दोन-दोन ग्लास, म्हणजे तीन बाटल्या. सोडा मात्र दीडपट आणा, उघडलेला सोडा लगेच मरतो.

सी-२०३ दादा: लाइट गेली तर बाटल्या गार कशा ठेवायच्या?

बी-३०१ ताई: बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी खडे मीठ. अर्ध्या तासात फ्रीजपेक्षा गार.

ए-१०२ काका: बर्फ मी मिरकरवाडा बंदरातून आणतो, स्वस्त पडतो.

सी-४०४ काकू: मासळीचा बर्फ??

बी-३०१ ताई: काका, तो फक्त बादलीत! ग्लासातला घरोघरच्या फ्रीजमधला. प्रत्येकाने दोन ट्रे.

सेक्रेटरी: ठरलं. वाइनवाल्यांनी इथे 🍷 टाका, आगळवाल्यांनी 🥤. वर्गणी वेगवेगळी.