विषय: Re: पोर्टचेस्टर सहल, किल्ल्यात आहे काय?

नमस्कार काका,
सहलीसाठी दक्षिण इंग्लंडमधलं पोर्टचेस्टर सुचवलंय, पण दोनतीन जणांचं म्हणणं की पडक्या किल्ल्यासाठी एवढं लांब कशाला. तुम्ही तिकडेच राहता, जरा लिहाल का ग्रुपवर?

---

ताई, पडका म्हणून सोडू नका गं. बाहेरचा कोट रोमन, तिसऱ्या शतकाच्या शेवटचा, आजही चांगला उंच उभाय, आत एका कोपऱ्यात नॉर्मन (अकराव्या शतकात फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांचा) किल्ला आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाराव्या शतकातलं चर्च, गावातले लोक अजून तिथे प्रार्थनेला जातात. १४१५ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री फ्रान्सवर स्वारीला निघाला तो इथूनच.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट तुरुंगाची. फ्रान्सशी लढाया चालू होत्या तेव्हा इथे हजारोंनी युद्धकैदी कोंबलेले. १७९६ च्या ऑक्टोबरात कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाहून अडीच हजारांच्या आसपास कैदी आणले, बहुतेक कृष्णवर्णीय, फ्रान्सने १७९४ ला गुलामगिरी रद्द केली म्हणून स्वतंत्र नागरिक झालेले आणि त्या स्वातंत्र्यासाठी फ्रान्सच्या बाजूने लढलेले सैनिक, सोबत बायकापोरं, आणि अंगावरच्या उन्हाळी कपड्यांनिशी थेट इथल्या थंडीत! त्यांच्याबद्दल इथे कितीतरी वर्षं कोणी फारसं बोलत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

गावाचं म्हणाल तर कैदी हाडांची खेळणी, गवताच्या डब्या करून विकायचे, लोक विकत घ्यायला यायचे. लेस इतकी सुरेख विणायला लागले की इंग्लिश लेसवाल्यांनी तक्रार केली आणि ते काम बंद पाडलं.

---

काका, आमच्या नाटकवाल्यांना यायचंय का हो? ते दर वेळी कुरकुरतात.

---

अगं त्यांनीच आधी यावं! स्पेनमध्ये पकडलेले फ्रेंच कैदी १८१० ला इथे आले आणि मुख्य बुरुजाच्या तळमजल्यावर त्यांनी थिएटरच उभं केलं, तीनेकशे माणसं बसतील एवढं, पडदे, सीनसीनरी सगळं, नाटक करणाऱ्यांत पॅरिसच्या थिएटरात काम केलेला माणूसही होता. बाहेरचे लोक इतके यायला लागले की शेजारच्या पोर्ट्समथ शहरातल्या थिएटरवाल्यांचा धंदा बसला, मग बाहेरच्यांना मनाई झाली. त्या जागेवर आता रंगमंच पुन्हा उभारलाय, त्यावर उभं राहता येतं. तालमीला हॉल मिळत नाही म्हणून रडणाऱ्या आपल्या पोरांना तो मुद्दाम दाखवायचाय मला.

बाहेरच्या कोटात फिरायला पैसे लागत नाहीत, बुरुजाला तिकीट आहे. वारा फार असतो, जाकिटं आणा.