मदत हवी आहे: दादाचा आतड्याचा कॅन्सर आनुवंशिक आहे का, हे कसं तपासायचं?

माझ्या मोठ्या भावाला (वय ४४) मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. उजव्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे.

चुलतबहीण लीड्सला असते. तिने फोनवर पहिलंच विचारलं, "एमएमआर काय आलं?" (एमएमआर म्हणजे पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा; गाठीत ती बिघडली आहे का, ते बघतात.) इंग्लंडमध्ये २०१७ पासून नाइस या संस्थेची शिफारस आहे म्हणे, की आतड्याच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची गाठ लिंच सिंड्रोमसाठी (या यंत्रणेतला आनुवंशिक दोष, ज्याने आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासायची, वय कितीही असो. आमच्या रिपोर्टात एमएमआर हा शब्दच नाही. डॉक्टर म्हणाले, "घरात कुणाला आतड्याचा होता? नाही ना? मग कशाला खर्च?"

घरी आल्यावर आईला आठवलं, आत्याला पन्नाशीच्या आत गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. आम्हाला "पिशवी काढली" एवढंच माहीत. आजोबा "पोटाच्या दुखण्याने" गेले. कॅन्सर हा शब्दच घरात उच्चारायचा नाही म्हटल्यावर डॉक्टरांना सांगणार काय?

आता गाठ काढून झाली, मग तपासणी होईल का? की आम्ही भावंडांनी थेट रक्ताची जीन टेस्ट करावी? दादाची मुलगी १९ वर्षांची आहे, तिचीच काळजी वाटते.

प्रतिसाद १
ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबने ठेवलेला असतो, अर्ज करून मागा. त्यावरच आयएचसी (प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) होते, पुन्हा बायोप्सी नको. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही एमएमआरची चार प्रथिनं बघतात. एमएलएच१ दिसलं नाही तर लगेच घाबरू नका, ते पुष्कळदा आनुवंशिक नसतं. आधी गाठीतच बीआरएएफ (या जीनमधला बदल) किंवा मिथिलेशन (एमएलएच१चा जीन रासायनिक खुणेने बंद पडणं) बघायला सांगा. ते कारण निघालं नाही, किंवा एमएसएच२सारखं दुसरं प्रथिन गायब असलं, तर रक्ताची जीन टेस्ट. तीही आधी दादाची. त्याच्यात दोष सापडला तरच तुमची आणि मुलीची. मुलीत तो येण्याची शक्यता ५० टक्के.

आणि "आतड्याचा होता का" एवढंच विचारणं म्हणजे १९९० चे ॲमस्टरडॅम निकष, घरातल्या कॅन्सरवरून लिंच ओळखायचे. १९९९ साली त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही धरला गेला. तुमचे डॉक्टर अजून नव्वदमध्येच आहेत! टाटा मेमोरिअलला कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, तिथे दाखवा. मात्र आत्याचा अस्तराचा होता की गर्भाशयाच्या तोंडाचा, हे नक्की करा. तोंडाचा असेल तर तो यात धरत नाहीत.

धागाकर्ती
खूप आभार, दादा. आत्याच्या सुनेला फोन केला. फाइल माळ्यावर आहे म्हणाली, रविवारी जाते.