मदत हवी आहे: पेपर स्वीकारला, आता फी कुठून आणू?

नमस्कार मंडळी. मूळची परभणीची, मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठात तुरीच्या मर रोगावर पीएचडी करतेय. पेपर स्वीकारल्याचा मेल आला, पेढे वाटून झाले, मग खालची ओळ वाचली: ओपन ॲक्सेससाठी (म्हणजे पेपर सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून) १,८०० डॉलर! फेलोशिपचे चार महिने गेले की हो. ग्रंथालय म्हणतं अकाउंटला विचारा, अकाउंट म्हणतं गाईडला. सर म्हणाले, "भर, नंतर बघू."

केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, जर्नल्स वाचायला मिळतात. त्यात अशा फीसाठीही निधी आहे म्हणे. राज्य विद्यापीठातल्या कुणाला मिळालाय का? अर्ज कुणामार्फत केला? की फी न भरता स्वीकृत मसुदाच रिपॉझिटरीत (ऑनलाइन खुल्या संग्रहात) टाकू? पण जर्नल बारा महिने थांबायला सांगतं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.