मेलोडिक रॉकचा ऐवज कुणाकुणाच्या घरी गेला?

कॅसेटवाले काका

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

गेल्या रविवारी माळा आवरला. जुन्या कॅसेटींचं खोकं खाली आलं. बॉस्टनची पहिली, फॉरेनरची '४', जर्नीची 'एस्केप' (हिची टेप एकदा डेकने गिळली होती, पेन्सिल घालून तासभर फिरवून वाचवलेली), डेफ लेपर्डची 'हिस्टेरिया'. सगळे मेलोडिक रॉकवाले बँड, म्हणजे गिटारी जोरदार, पण चाल गुणगुणता येईल अशी. फडक्याने एकेक पुसत बसलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. मी तिथूनच ओरडलो, "अगं, तू डेफ लेपर्ड कधीपासून ऐकायला लागलीस?"

"कोण डेफ? शनाया ट्वेन आहे ही. इंग्रजीत मला एवढीच आवडते, माहीत नाही का तुम्हाला?"

गेलो, फोन हातात घेतला, पुन्हा ऐकलं. गिटार तीच, ढोल तोच, आणि कोरस (धृपद) आला की अंगावर येणारा तो घोळकाही तोच. चष्मा आणि वर भिंग लावून कॅसेटींच्या कव्हरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. 'हिस्टेरिया'चा प्रोड्यूसर मट लँग. 'फॉरेनर ४'चाही लँग. मग लेकीला शनायाबाईंचा प्रोड्यूसर शोधायला सांगितला. तोच!

कॉलेजात आम्ही हे ऐकायचो तेव्हा मेटलवाले म्हणायचे, साखरेचा पाक आहे नुसता. गझलवाले म्हणायचे, गोंगाट. लेक आता म्हणते, बाबा, तुमचे बँड म्हणजे जत्रेतले पाळणे, दर वर्षी तेच घेऊन फिरतात. बँडांचं सोडा. मला हवंय ते मागच्या माणसांचं: लिहिणारे, वाजवणारे, रेकॉर्ड करणारे. ती कुठेकुठे गेली आणि जाताना काय घेऊन गेली?

फेडरखाली

काका, कान शाबूत आहेत तुमचे. मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला, म्हणून थोडं लांबण लावतो.

बँडने एकत्र वाजवायचं आणि आपण समोर माइक ठेवायचा, ही लँगची रीत नव्हे. 'हिस्टेरिया'त त्याने काही ठिकाणी गिटारचा कॉर्ड एकेक सूर सुटा वाजवून घेतला आणि मग जोडला. कोरसमध्ये तीच चार-पाच माणसं तीच ओळ पुन्हा पुन्हा गातात. थरावर थर चढत जातात आणि शेवटी अख्ख्या पंगतीने एका दमात 'पुंडलिक वरदा' म्हणावं तसा आवाज उठतो. तुमचा तो घोळका म्हणजे हा.

आणि गिटारचा तो गुळगुळीत, कडा घासलेला आवाज? तो 'रॉकमन' नावाच्या डबीतला. वॉकमनएवढी वस्तू, १९८२ची. बनवणारा कोण, तर बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ! एमआयटीतून शिकलेला इंजिनिअर, पोलरॉइडमध्ये नोकरी आणि संध्याकाळी घराच्या तळघरात गिटार. १९७६चा तो पहिला अल्बम बराचसा त्या तळघरातला. 'हिस्टेरिया'च्या गिटारी रॉकमनमधून गेल्यात, म्हणजे तुमच्या खोक्यातल्या दोन कॅसेटी मावसबहिणी निघाल्या.

शनायाशी लँगचं लग्न झालं १९९३ला. मग १९९५चा 'द वुमन इन मी', १९९७चा 'कम ऑन ओव्हर'. दुसऱ्याच्या जगभरात चार कोटींच्या आसपास प्रती खपल्या. अमेरिकेबाहेर विकताना त्याने हाच अल्बम नव्याने मिक्स केला, फिडल आणि स्टील गिटार मागे ढकलून. वरची कंट्रीची, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या गाण्याची, शाल काढली की आत तुमचा १९८७च्या 'हिस्टेरिया'चा माल.

पॉपकॉर्न घेऊन

माझी एक चिल्लर भर. बॉन जोव्हीचं 'लिव्हिन ऑन अ प्रेयर' (१९८६) लिहिणाऱ्या तिघांत एक डेस्मंड चाइल्ड. रिकी मार्टिनचं 'लिव्हिन ला व्हिदा लोका' (१९९९) लिहिणाऱ्यांतही तोच. शब्दसुद्धा जुनाच वापरला, काटकसरी माणूस.

नदीपलीकडचा

थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

मेलोडिक रॉकने इतरांना दिलं, दिलं, असं चाललंय. त्याच्याकडे मुळात आलं कुठून? फॉरेनरचं १९८४चं सगळ्यात गाजलेलं गाणं घ्या, 'आय वॉन्ट टू नो व्हॉट लव्ह इज'. शेवटी जे भरून येतं ते न्यू जर्सी मास क्वायरमुळे, म्हणजे थेट गॉस्पेल, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत. टोटो बँडच्या 'रोझाना'चा ठेका? त्यांचा ड्रमर जेफ पोर्कारो स्वतःच सांगायचा की बर्नार्ड पर्डीचा शफल (झुलता ठेका) आणि लेड झेपेलिनच्या बॉनमचा ठेका यांचं ते मिश्रण आहे. पर्डी म्हणजे सोल गायिका अरेथा फ्रँकलिनमागे वाजवलेला माणूस. (मी तबला शिकलोय. तो 'रोझाना'चा डावा हात महिनाभर मांडीवर वाजवून पाहिला. काठीने हलकेच टाकलेले ते मधले बारीक ठोके काही केल्या बसत नाहीत.)

'रोझाना' आलं त्याच १९८२ साली टोटोची हीच मंडळी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वर वाजवत होती. 'ह्यूमन नेचर'ची चाल स्टीव्ह पोर्कारोची. सकाळी एका स्टुडिओत, रात्री दुसऱ्या. यात कोण कोणाचा देणेकरी, ते तुम्हीच ठरवा. मला तरी ही उसनवारी दिसते, वाटीभर साखर नेली आणि वाटीभर डाळ आणली अशी.

उत्तरेकडून

स्टॉकहोमहून लिहिते आहे, इथे बारा वर्षं झाली. काका, तुमच्या ऐवजातला मोठा वाटा इकडे आलाय.

'द फायनल काउंटडाउन'वाला युरोप बँड इथल्याच उपनगरातला, उपलांड्स व्हेस्बीचा. पण मला सांगायचंय ते मॅक्स मार्टिनबद्दल. ब्रिटनी स्पीअर्सचं १९९८चं पहिलं गाणं त्याचं. बॅकस्ट्रीट बॉइजची कितीतरी. त्याआधी तो 'इट्स अलाइव्ह' नावाच्या ग्लॅम रॉक बँडमध्ये केस वाढवून गात होता! केस गेले, कोरस तेवढा राहिला. ब्रिटनीचं गाणं गिटारवर वाजवून बघा, काहीही न बदलता रॉक होतं.

हे इथेच का पिकलं, याचं तो स्वतः देतो ते उत्तर भारी आहे: नगरपालिकेची संगीतशाळा. तिथे तो फ्रेंच हॉर्न शिकला. माझी लेक जाते अशाच शाळेत, नाममात्र फी. परवा व्हायोलिन घेऊन आली. आई, घरी न्यायला दिलंय म्हणाली. मी दोनदा विचारलं, नक्की दिलंय ना?

कॅसेटवाले काका

मंडळी, खूप आभारी. नदीपलीकडचे, तुमची वाटी-साखर मान्य. पण माझ्या कॅसेटीत ती साखर आल्यावर त्याचा लाडू झाला, एवढं तरी म्हणू द्या. उत्तरेकडूनताई, ते केसांचं वाक्य लेकीला वाचून दाखवलं, तिने बाबांच्या टकलाकडे पाहिलं.

फेडरखाली

काका, एक काम करा. शनायाचा २००२चा 'अप!' मिळवा. लँगने तीच एकोणीस गाणी तीन रंगांत केली: हिरवी तबकडी कंट्रीची, लाल पॉप-रॉकची आणि निळी चक्क आपल्याकडच्या सिनेसंगीताच्या वळणाची. अमेरिकेत लाल-हिरवी विकली, बाहेर लाल-निळी. एक गाणं तिन्हींत लागोपाठ ऐका, मग बोलू.

कॅसेटवाले काका

ऐकलं. दोघांनी बसून, चहा घेऊन.

मी घड्याळ हातात धरलं होतं. कपडे तीन, पण कोरस तिन्हींत त्याच वळणावर येतो आणि त्याच घोळक्यानिशी येतो. सौ.चा कौल निळीला. म्हणाली, "ही आपल्या लग्नातल्या बँडसारखी आहे." मग 'हिस्टेरिया' लाव म्हणाली, खरंच सारखं आहे का बघू. पहिल्यांदाच, अठ्ठावीस वर्षांत.

तर डेकचा पट्टा सैल होऊन तुटला. रबरबँड लावून पाहिलं, डेफ लेपर्ड भीमसेनांच्या पट्टीत गायला लागले. ठाणे-मुलुंड भागात कॅसेट डेकचे पट्टे अजून कोणी ठेवतं का? ती विचारतेय.