मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ) च्या नियमांची क्विझ: डेथटच + ट्रॅम्पल, किती डॅमेज जातं?

फोंडेकर: पावसामुळे रविवारी आमच्याकडे बैठक असते, पोरांसाठी क्विझ काढतोय तर पहिल्याच प्रश्नावर भांडण. हल्ला करणारा ५/५ प्राणी (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची), ट्रॅम्पल (ब्लॉकरना पुरून उरलेलं डॅमेज प्लेयरला जातं) आणि डेथटच (जरा डॅमेज झालं तरी समोरचा प्राणी मरतो) दोन्ही, समोर ४/४ आणि ३/३ ब्लॉकला, त्यातला ३/३ इन्डिस्ट्रक्टिबल (डॅमेजने न मरणारा). समोरच्या प्लेयरला किती?

म्हापशेंकार: शून्य ना रे, ४ आणि ३ मिळून ७ होतात, तुझ्याकडे पाचच.

कार्डवेडा: नाय हो. डेथटच असला की १ डॅमेज पण लीथल (जीव घेण्याइतकं) धरतात, नियम ७०२.२सी वाचा. म्हणजे दोघांना एकेक आणि ३ प्लेयरला. इन्डिस्ट्रक्टिबलवाला मरणार नाही पण वाटणी करताना त्यालाही १ पुरतो, इथेच सगळे गंडतात.

फोंडेकर: मस्त! अजून एक द्या ना, जरा अवघड.

कार्डवेडा: घ्या. ब्लॉक जाहीर झाल्यावर समोरच्याने आपलेच दोन्ही ब्लॉकर हातात परत घेतले तर? ट्रॅम्पल आहे म्हणून पाचच्या पाच प्लेयरला. ट्रॅम्पल नसता तर काहीच नाही, कारण एकदा ब्लॉक झाला तो ब्लॉकच राहतो. आमच्या मडगावच्या ग्रुपात यावर चहा थंड होतो.

म्हापशेंकार: हे लय भारी, उद्याच भावाला विचारतो 😄