मदत हवी आहे: बाबांचा पेन्शनचा अर्ज परत आला

पंचगंगाकाठ
नमस्कार. बाबांच्या पेन्शनचा अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. कारण एका ओळीचं, सेवा १० वर्षांपेक्षा कमी. आयुष्यभर राबलेल्या माणसाला हे वाचून दाखवताना माझा घसा दाटून आला. ज्याच्याकडून अर्ज भरला तो म्हणतो, परत भरू, २०० रुपये द्या. भरू का? बाबांचे गुडघे गेलेत, सारखे हेलपाटे जमत नाहीत. कृपया लवकर सांगा.

निवृत्त_लेखनिक
ताई, कुठली पेन्शन? राज्य सरकारची की पीएफची, म्हणजे ईपीएस-९५ (१९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना)? वडिलांचं वय काय, नोकरी कुठे आणि कधीपासून कधीपर्यंत? हे कळेपर्यंत परत भरू नका, तोच अर्ज त्याच कारणानं परत येईल.

सांगोलेकर
तहसीलला श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. वय ६५ पूर्ण हवं आणि वार्षिक उत्पन्नाचा दाखला २१ हजारांच्या आतला. आमच्या आजीला महिना १५०० मिळतात.

पंचगंगाकाठ
बाबा ६१ चे आहेत. पीएफची पेन्शन. फाउंड्रीत होते, ऑगस्ट २०१८ ते जून २०२१.

वसईची_मावशी
अगं, ही तर तीनच वर्षं झाली. दहा कशी होतील?

पंचगंगाकाठ
त्याआधी सूतगिरणीत होते ना! जून १९९७ ते मार्च २००४, मग गिरणी बंद पडली. मधली वर्षं लोकांच्या मागांवर काम केलं, तिथे पीएफ कापत नव्हते.

निवृत्त_लेखनिक
हेच महत्त्वाचं होतं. गिरणीची ६ वर्षं १० महिने, फाउंड्रीची २ वर्षं ११ महिने. एकूण ९ वर्षं ९ महिने. शेवटचा तुकडा सहा महिन्यांचा किंवा जास्त असला तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे दहा झाली. यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांचे पीएफ जोडणारा एकच नंबर, २०१४ पासून आला, त्यामुळे गिरणीचं जुनं खातं आपोआप जोडलेलं नसणार आणि अर्जात फक्त फाउंड्री दिसली असणार. आता सांगा, गिरणी सुटल्यावर पैसे काढले होते का?

पंचगंगाकाठ
हो. युनियनच्या माणसानं सगळ्यांचे फॉर्म भरून दिले होते. त्याच पैशांत मोठ्या ताईचं लग्न झालं.

चिंचवडचा_फिटर
मग विषय संपला. पैसे काढले की जुनी सेवा गेली. माझ्या मेहुण्याचं असंच झालं. अटल पेन्शन सुरू करा.

वसईची_मावशी
अटल पेन्शनमध्ये ४० च्या पुढे घेत नाहीत हो. ६१ वर्षांच्या माणसाला काय सांगताय!

निवृत्त_लेखनिक
फिटर दादा, इतक्यात संपवू नका. पीएफ आणि पेन्शन हे दोन वेगळे खिसे आहेत. पीएफ काढायला फॉर्म १९. पेन्शनसाठी फॉर्म १०-सी, आणि त्यात दोन वाटा असतात: एक तर पैसे घ्यायचे, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घेऊन सेवा राखून ठेवायची. तुमच्या मेहुण्यानं पैसे घेतले असतील. ताई, युनियनच्या माणसानं यातलं काय केलं ते शोधा. जुन्या पिशव्या, ट्रंक, देवघरामागचे कागद, सगळं बघा.

चिंचवडचा_फिटर
एवढा खटाटोप करून मिळणार किती? हजार रुपये. २०१४ पासून किमान पेन्शन तिथेच अडकली आहे. आम्ही ७५०० मागतोय, बुलढाण्यात लोक उपोषणाला बसले.

वसईची_मावशी
मागणी रास्तच आहे. पण माझ्या नवऱ्यामागे मला जी मिळते त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या येतात, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. त्या माणसाचा हक्क आहे तो, कमी म्हणून सोडायचा का?

निवृत्त_लेखनिक
ढोबळ हिशोब असा: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १२,००० धरला तर १० वर्षांचे साधारण १,७१४. शिवाय ५८ पूर्ण झाल्यापासूनची थकबाकी. आणि पुढे त्यांच्या पश्चात आईला निम्मी. अजून एक, पीएफच्या पासबुकात लॉकडाऊनचे महिने बघा. बिनपगारी खाडे लागले असतील तर ते सेवेतून वजा होतात. साडेनऊ वर्षांच्या खाली गेलं तर दहा धरत नाहीत, म्हणजे तुमच्याकडे अशा तीनच महिन्यांची सवड आहे.

ठाणे_पश्चिम
नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर पेन्शन थांबते.

वसईची_मावशी
अजून सुरूच कुठे झाली आहे? आणि ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचंच बंधन नाही. वर्षात कधीही द्या, दिल्यापासून बारा महिने चालतो. मी मार्चमध्ये मोबाईलवर चेहरा दाखवून देते.

पंचगंगाकाठ
सापडला! आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. इंग्रजीत वर स्कीम सर्टिफिकेट लिहिलंय, सेवा ६ वर्षं १० महिने, खाली आईचं आणि आम्हा दोघी बहिणींची नावं. बाबांना वाटत होतं तो गिरणीचा हिशोबाचा कागद आहे. एकवीस वर्षं जपून ठेवला त्यांनी. पासबुकात एप्रिल आणि मे २०२० बिनपगारी आहेत.

निवृत्त_लेखनिक
दोन महिने गेले तरी ९ वर्षं ७ महिने उरतात. बसतंय! ज्यानं तो फॉर्म भरला त्या युनियनच्या माणसाचे उपकार माना. आता फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, नव्यानं भरा आणि स्कीम सर्टिफिकेट आहे असं त्यात लिहा. मूळ कागद द्यावा लागतो, म्हणून आधी दोन झेरॉक्स काढा आणि देताना पोच घ्या. बाबा आणि आईचा एकत्र फोटो लागेल. फाउंड्री चालू आहे ना? मग सही शिक्का तिथून.

पंचगंगाकाठ
चालू आहे. पण काका, या कागदावर जन्मसाल १९६६ पडलंय, आधारवर १९६४.

निवृत्त_लेखनिक
मग आधी ते जुळवा. बाबा आणि कंपनी दोघांच्या सहीचं संयुक्त घोषणापत्र, सोबत शाळा सोडल्याचा दाखला. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं. तिथे सगळे कागद एकत्र दाखवा, म्हणजे हेलपाटा एकच होईल.

चिंचवडचा_फिटर
ताई, मी घाईनं बोललो. मेहुण्याचे कागद आता पुन्हा बघतो. फाउंड्रीत सहीला टोलवाटोलवी झाली तर इथे लिहा.

पंचगंगाकाठ
नक्की. दाखल्यासाठी धाकटे काका उद्या गावच्या शाळेत जाणार आहेत. बाबा मघापासून तो कागद मांडीवर घेऊन बसलेत.