समृद्धीवर उन्हाळ्यात टायरमध्ये हवा किती ठेवावी?

वाटसरू७: मे महिन्यात संभाजीनगर ते नागपूर जायचंय. हॅचबॅक, पाच माणसं, डिकी गच्च. दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेचा दाब) आहे. पंपावर एक म्हणतो ३० ठेवा, उन्हात हवा फुगते. दुसरा म्हणतो ३६. टायरवर तर ४४ लिहिलंय! नायट्रोजन भरू का?

नटबोल्ट: ३० अजिबात नको. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आणि त्या दबण्यानेच टायर आतून तापतो. भरलेली गाडी, काँक्रीट, १२०चा वेग. टायर फुटायला एवढं पुरतं. ४४ ही टायरची कमाल मर्यादा, भरायचा आकडा नव्हे. स्टिकर परत बघा, फुल लोडची ओळ वेगळी असेल तर ती धरा.
नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

गारचाक: स्टिकरवरचा आकडा गार टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना. पळाल्यावर ४-५ पीएसआय वाढणारच. ढाब्यावर ३८ दिसले म्हणून हवा सोडलीत, तर टायर गार झाल्यावर कमी भरेल.
पंप लांब असेल तर सकाळी घरीच स्वतःच्या गेजने मोजा. ३३ पाहिजेत आणि २९ दिसले, तर ४ कमी. पंपापर्यंत जाताना टायर तापून तिथे ३१ दाखवले तरी ४ च वाढवायचे, म्हणजे ३५ करून निघायचं.

वाटसरू७: सापडली ओळ! पुढे ३३, मागे ३६. पण मागचं डावं चाक आठवड्याला ३ उतरतं.

नटबोल्ट: मग ते आधी. महिन्याला एखादा पीएसआय उतरला तर ठीक, आठवड्याला ३ म्हणजे गळती. साबणाचं पाणी आधी वॉल्व्हच्या तोंडावर टाका. बुडबुडा फुगत गेला तर आतली पिन सैल किंवा खराब. किरकोळ खर्चाचं काम. मग वॉल्व्हच्या बुडाशी रबर चिरलंय का पाहा, नंतर नक्षीत खिळा. तिथेही काही नसेल तर रिमची कड. मातीने, गंजाने तिथून बारीक हवा जाते. टायर उतरवून कड घासून घ्यावी लागते. खिळा टायरच्या बाजूत निघाला तर पंक्चर काढू नका, टायर बदला.

गारचाक: स्टेपनीही मोजा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० लागतात, ३३ नव्हे. आणि टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनला. इतका जुना निघाला तर हवेचा हिशोब नंतर, आधी टायर.